तपासण्या ‘नॉर्मल’, दुखणे मात्र खरे

रक्ताच्या तपासण्या झाल्या, एक्स-रे झाले, एखादा एमआरआयही झाला. सारे अहवाल ‘नॉर्मल’. तरीही मान, खांदे, पाठ, कंबर महिनोन्महिने ठणकत राहतात आणि रात्रभर झोपूनही सकाळी थकवा जात नाही. अशा रुग्णाला, त्यातही ती स्त्री असेल तर, ‘मनाचे खेळ’ किंवा ‘कामाचा कंटाळा’ असे शेरे ऐकावे लागतात. या विकाराचे नाव फायब्रोमायल्जिया. त्यातील वेदना काल्पनिक नसते.

बिघाड स्नायूंत वा सांध्यांत नसून, वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मेंदू व मज्जारज्जूच्या कार्यात असतो, असे आज मानले जाते. एरवी जाणवणारही नाही असा खांद्यावरच्या पर्सच्या पट्ट्याचा दाबही मग दुखू लागतो. सांध्यांना सूज नसते. म्हणूनच ईएसआर, सीआरपी या चाचण्यांत काही सापडत नाही. जोडीला विस्मरण, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी असतात.

अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील १८ बिंदूंपैकी किमान ११ दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. २०१० मध्ये ही अट वगळली गेली. आता वेदना किती भागांत आहे, थकवा, झोप व स्मरणशक्तीची स्थिती काय आणि हे सारे तीन महिने टिकून आहे का, हे पाहिले जाते. थायरॉइडचे विकार किंवा संधिवात नाही ना, याची खात्री मात्र करून घ्यावी लागते.

उपचारांत पहिला मान व्यायामाचा. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ठाम शिफारस केली ती केवळ व्यायामाची. दुखणाऱ्या अंगाने चालायचे कसे, हा प्रश्न रास्तच आहे. सुरुवात पाच-दहा मिनिटांची असावी आणि वाढ सावकाश. खरी फसगत होते ती बऱ्या दिवशी. आज बरे वाटते म्हणून दिवाळीची सारी साफसफाई एकाच दिवशी उरकली, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कामाचे तुकडे पाडणे आणि झोपेची वेळ पाळणे हादेखील उपचारच आहे.

औषधांबाबत एक गैरसमज फार नुकसान करतो. ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटिन ही मूळची नैराश्यावरील औषधे. चिठ्ठीवर ती पाहून ‘डॉक्टरांनी मला वेडे ठरवले’ असे वाटते आणि गोळ्या परस्पर बंद होतात. वस्तुतः येथे ती वेदनेचे संदेश सौम्य करण्यासाठी दिली जातात. ती अचानक थांबवू नयेत. याउलट दुकानातून आणलेल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या विकारात फारसा उपयोग नाही. दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडाला अपाय संभवतो. स्टेरॉइडही येथे निरुपयोगी.

निदान झाल्यावरही सांध्याला सूज, ताप, अकारण वजन घटणे किंवा हातापायांतील शक्ती कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर ती फायब्रोमायल्जियाच्या खात्यावर टाकू नयेत. डॉक्टरांकडून पुन्हा तपासणी करून घ्यावी.