स्वस्त पिस्तूल आणि घरगुती कारागिरी

हलक्या किमतीच्या पिस्तुलात घरच्या घरी सुधारणा करता येईल काय, हा प्रश्न वरवर हस्तकौशल्याचा वाटतो. वस्तुतः तो धातुविज्ञानाचा आणि कायद्याचाही आहे. प्रवराकाठच्या बेलापूरसारख्या गावी लोहाराने नांगराचा फाळ शेवटून द्यावा, कोयत्याला पाणी पाजावे, यात कोणास वावगे वाटत नाही. मग पिस्तुलाला वेगळा न्याय का?

एके काळी तो तितकासा वेगळा नव्हता. तोडेदार बंदुकीची रचना साधी होती : जाड भिंतीची लांब नळी, तिचा कान, रंजक, आणि पेटती जामगी रंजकावर टेकविणारा चाप. यांतील बहुतेक भाग गावचा कारागीर दुरुस्त करू शके. युरोपात गारेच्या चापाची बंदूक रूढ झाल्यावरही हिंदुस्थानात तोडेदार बंदूक दीर्घकाळ टिकली, त्याचे हे एक कारण होय.

धातूचे काडतूस आणि १८८४ नंतर प्रचारात आलेली धूररहित दारू यांनी हे चित्र पालटले. ०.३२ इंची स्वयंभरणी पिस्तुलाच्या काडतुसाचा मान्य कमाल दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १,६०० पट असतो, आणि तो सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास उत्पन्न होतो. म्हणजे पिस्तूल हे मुठीत धरलेले उच्चदाबाचे पात्रच होय. त्याची किंमत जेथे उतरते तेथे बहुधा धातूची प्रत, उष्णतासंस्कार किंवा मापांची अचूकता उतरलेली असते. अमेरिकेतील काही स्वस्त पिस्तुलांत तर पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा उपयोग केलेला आढळतो. कानशीने आणि पॉलिशने यांपैकी कोणतीही उणीव भरून निघत नाही.

उलट हानीच संभवते. घोडा अडवून धरणाऱ्या खाचेचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, परंतु तो थर पातळ असतो. चाप हलका व्हावा म्हणून तो घासला, की आतील मऊ धातू उघडा पडतो, लवकर झिजतो, आणि नुसत्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते. भाग तापविल्यास पोलादाचे पाणी उतरते. धातूतील सूक्ष्म तडा तर प्रत्येक बाराबरोबर वाढत जातो. म्हणून दहा गोळ्या निर्विघ्न सुटल्या, यावरून अकरावीविषयी काहीच सिद्ध होत नाही. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये स्थापन झाले, ते या अदृश्य दोषांच्या परीक्षेसाठीच. नेहमीपेक्षा जबर बार उडवून, शस्त्र तपासून, मगच त्यावर शिक्का उमटविण्यात येई.

नाशिकची घटना या दृष्टीने बोलकी आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणे आलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते. बाँबची कृती कागदावरून शिकणाऱ्या त्या मंडळींनीही पिस्तूल मात्र कारखान्याचेच मिळविले. भट्टी आणि कारखाना यांमधील अंतर तोवर एवढे वाढले होते.

कायद्याने हेच अंतर ओळखले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ निर्मितीबरोबरच दुरुस्ती, रूपांतर आणि परीक्षा यांनाही परवान्याची अट घालते. कलम ६ नळी आखूड करण्यास आणि नकली शस्त्राचे खरे शस्त्र करण्यास विनापरवाना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधांना किमान सात वर्षे आणि कमाल आजन्म कारावासाची शिक्षा आहे. स्वतःजवळ पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे त्यात फेरबदल करण्याचा परवाना नव्हे.

तेव्हा परवानाधारकाकडे साफसफाई, तेलपाणी आणि निगा एवढेच काम उरते. बाकीचे परवानाधारक दुरुस्तीकाराकडे जावे. फाळ वाईट शेवटला तर नांगरट अडते व तो पुन्हा भट्टीत घालता येतो. पिस्तुलातील चूक मात्र गोळी सुटताना कळते, आणि तिची किंमत बहुधा चूक करणाऱ्याखेरीज दुसराच कोणी मोजतो.