आधी बातमी, मग जाहिरात

आता उपहासाचं बघा. पी. साईनाथ यांच्या १९९६च्या पुस्तकाचं मराठी नाव आहे ‘दुष्काळ आवडे सर्वांना’. सर्वांना म्हणजे कोणाला? पलामूत लोक दुष्काळी मदतीला ‘तिसरं पीक’ म्हणत. हे पीक शेतकरी सोडून बाकीच्यांच्या घरी जातं! आरोप सगळा नावातच आहे.

आता आपल्या यवतमाळकडे या. २००८ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत पानभर मजकूर आला: भांबराजा आणि अंतरगावात बीटी कापसानं भरभराट झाली, तिथे आत्महत्या नाहीत. २०११मध्ये तोच मजकूर पुन्हा छापून आला, या खेपेला जाहिरात म्हणून. मार्च २०१२मध्ये संसदेची समिती भांबराजात पोचली, तर गावकऱ्यांनी १४ आत्महत्या सांगितल्या.

साईनाथांनी हे ‘द हिंदू’त मांडलं. मला त्यात आवडतं ते हे, की त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. बातमी, जाहिरात आणि गावकऱ्यांचं म्हणणं, तिन्ही फक्त शेजारी शेजारी ठेवलं. २००८ची बातमी आणि २०११ची जाहिरात, मजकूर एकच. हसायचं की रडायचं, हे वाचणाऱ्यावर सोडलं.