औषधयुक्त तांबीची पारख

अहवाल वर्षात स्त्रीरोग विभागात एका सासूबाईंनी विचारले, "ही औषधाची तांबी म्हणजे आमच्या सुनेवर प्रयोग तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. आपल्या रुग्णालयात असे प्रयोग होत नाहीत. परंतु या साधनाची पारख कशी झाली, हे देणगीदारांना व नातेवाइकांनाही ठाऊक असावे.

गर्भाशयात बसविल्या जाणाऱ्या या साधनात लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक ५२ मिलिग्रॅम असते. प्रारंभी त्यातून दररोज सुमारे २० मायक्रोग्रॅम पाझरते. पुढे ते प्रमाण घटत जाते. मग ते किती वर्षे पुरते?

अमेरिकेत एका ना-नफा संस्थेने २००९ साली याच मात्रेच्या साधनाची चाचणी सुरू केली. २९ केंद्रांतून १,७५१ स्त्रिया सहभागी झाल्या. नव्या औषधाची तुलना पुष्कळदा निष्क्रिय गोळीशी करतात. येथे ते शक्य नव्हते. गर्भ नको असलेल्या स्त्रीला खोटे साधन बसविणे हा अन्यायच. म्हणून हिशेब 'स्त्री-वर्षां'चा ठेवतात: शंभर स्त्रियांनी वर्षभर साधन वापरले असता किती गर्भ राहिले? ज्या महिन्यात दुसरा उपाय वापरला, तो महिना वजा. पस्तिशीपुढील स्त्रियांत गर्भधारणा मुळातच कमी होते, त्यामुळे परिणामकारकतेच्या आकड्यात त्या धरल्या जात नाहीत. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला ही खतावणी चटकन उमगली.

अवघड असते ते पुढेच. कोणी गाव बदलते, कोणाचे साधन आपोआप बाहेर पडते, कोणी अनियमित रक्तस्रावाला कंटाळून ते काढून घेते. तपासणीस न आलेल्या स्त्रीला सुखरूप समजून चालत नाही. तिचा शोध घ्यावा लागतो, आणि काढून घेण्याचे कारणही नोंदवावे लागते. शिवाय आठ वर्षांची खात्री आठ वर्षे गेल्याखेरीज मिळत नाही. २०१५ मध्ये या साधनाला तीनच वर्षांच्या वापराची मान्यता मिळाली. ती टप्प्याटप्प्याने वाढून २०२२ मध्ये आठ वर्षांपर्यंत पोहोचली. एवढा धीर बाळगल्यामुळेच त्या आकड्यावर माझा विश्वास बसतो.

आपल्याकडील नोंदवहीत मात्र 'पुन्हा आल्या नाहीत' असा शेरा अजूनही वारंवार दिसतो. ही उणीव आमची आहे. यापुढे प्रत्येक कार्डावर साधन बसविल्याची व बदलण्याची तारीख लिहिली जाईल, न आलेल्यांना दूरध्वनी केला जाईल. साधन काढून हवे असल्यास ते विनामूल्य व त्याच दिवशी काढले जाईल. त्यासाठी पतीची सही मागितली जाणार नाही.