कारखान्यातील नवेपण आणि कारखान्याची गोष्ट

उद्योगसंस्थेत नवी कल्पना कशी जन्मते आणि जन्मल्यावर कशी जगते, या प्रश्नाची चर्चा अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांतून फार होते. त्याची उत्तरे बहुधा अमेरिकेतून नाही तर जपानातून आणली जातात. आणावीत, त्याला आमची ना नाही. परंतु श्रीरामपूरला आगगाडीतून उतरून पश्चिमेकडे लोणीचा रस्ता धरणाऱ्या माणसाला याच प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जिल्ह्यातच मिळते, आणि ते हाताशी असल्यामुळेच की काय, आपण त्याच्याकडे नीट पाहत नाही. प्रवरानगरच्या साखर कारखान्याची कथा नगरकरांनी सत्कारसमारंभांतून इतक्या वेळा ऐकली आहे की ती सुरू झाली म्हणजे मन आपोआप दुसरीकडे जाते. आम्ही आज ती पुन्हा सांगणार आहोत. मात्र हारतुरे बाजूला ठेवून.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, 1950 साली प्रवरानगरला जे उभे राहिले त्यात यंत्र म्हणून नवे असे काही नव्हते. उसाचा रस काढावा, चुना व गंधकाचा धूर देऊन तो स्वच्छ करावा, आटवावा, दाणा पाडावा आणि मळी वेगळी करावी, ही क्रिया हरेगावास बेलापूर कंपनीच्या, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सच्या आणि साकरवाडीला गोदावरी शुगर मिल्सच्या कारखान्यांत आधीपासून चालू होती. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले होते, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा होता, आणि 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यापासून धंदाही किफायतीचा झाला होता. यंत्र होते, पाणी होते, ऊस होता, बाजार होता. मग नवे ते काय? नवे होते ते एकाच प्रश्नाचे उत्तर : कारखाना कोणाचा?

त्या काळी खाजगी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या होत्या. ज्याचे रान, तोच बांधावर उभा राहून दुसऱ्याचा ऊस वाढताना पाही. 'खंडकरी' हा शब्द आपल्या जिल्ह्यात किती कडवट अर्थाने उच्चारला जातो हे वडीलधाऱ्यांना विचारावे. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी कंपन्यांच्या हातून सुटल्या खऱ्या, पण त्या गेल्या शेती महामंडळाकडे, आणि मूळ मालकांना त्यांच्यासाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. ज्यांनी जमीन खंडाने दिली नव्हती ते बागायतदार गुऱ्हाळ लावीत आणि गुळाचा भाव पडला की अडत्याच्या तोंडाकडे पाहत. 1945 साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ अध्यक्षस्थानी होते. बागायतदारांनी स्वतःच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा ही कल्पना तेथे पुढे आली.

कल्पना पुढे येणे ही सोपी गोष्ट आहे. परिषदांतून दरवर्षी शेकडो कल्पना पुढे येतात आणि मांडव उतरला की त्याही उतरतात. ही उतरली नाही याचे कारण लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शालेय शिक्षण बेताचे, पण गावच्या सहकारी पतपेढीच्या कामात मुरलेला हा शेतकरी भागभांडवलासाठी गावोगाव हिंडला. ज्यांच्या घरी वर्षाकाठी रोकड दिसे ती पीक निघाल्यावर, आणि दिसेनाशी होई ती सावकाराची वही उघडल्यावर, अशा माणसांकडून, अजून पाया न खणलेल्या कारखान्यासाठी पैसे मागावयाचे होते. तेही अशा वेळी, की साखर कारखाना ही शेटजींची गोष्ट, शेतकऱ्याची नव्हे, असे शहाणीसुरती माणसे सांगत होती. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता हे वित्त व सहकार खात्याचे मंत्री होते, त्यांची सहानुभूती लाभली. 1948 साली संस्था नोंदली गेली आणि 1950 च्या अखेरीस गाळप सुरू झाले.

नेतृत्वाविषयी बोलताना आमच्याकडे 'द्रष्टा' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. विखे पाटलांना काय दिसले यापेक्षा त्यांनी काय केले हे पाहावे. भागभांडवल गोळा करण्यासाठी ज्याने पायपीट केली तो अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला नाही. पहिली सुमारे दहा वर्षे अध्यक्ष होते ते गाडगीळ, म्हणजे पुण्याचे एक विद्वान, ज्यांचा स्वतःचा ऊस नव्हता आणि म्हणून ज्यांना कोणाचा ऊस आधी तोडावा यात स्वार्थ नव्हता. लोकांचा विश्वास ज्याच्यापाशी आहे त्याने हिशोबाचे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला वरची खुर्ची देणे, हे आमच्या मते त्या कारखान्यातील पहिले आणि सर्वांत मोठे नवेपण होय. ते कोणत्याही यंत्रापेक्षा दुर्मिळ आहे. आजच्या कोणत्याही संस्थेच्या संचालक मंडळाकडे पाहून वाचकांनी याचा पडताळा घ्यावा.

आता वळणाकडे येऊ. इंग्रजी ग्रंथकार ज्याला संस्थेची संस्कृती म्हणतात त्याला आम्ही साध्या मराठीत संस्थेचे वळण म्हणतो, कारण संस्कृती भाषणात असते आणि वळण वागण्यात. सहकारी कायद्याप्रमाणे पाच एकरवाल्याला एक मत आणि पन्नास एकरवाल्यालाही एकच. पण मत वर्षातून एकदा द्यावयाचे. ऊस रोज तोडावयाचा. तोडलेल्या उसातली साखर तासातासाने घटते, म्हणून तो शक्य तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. प्रत्येकाने आपापला ऊस आपापल्या मर्जीने तोडून गाड्या फाटकाशी उभ्या केल्या तर निम्मी साखर वाटेवरच जाणार आणि फाटकाशी मारामारी होणार, ती वेगळीच. म्हणून सहकारी कारखान्यांत अशी पद्धत पडली की लागणीची नोंद कारखान्याने ठेवावयाची, तोडणी आणि वाहतूक कारखान्याने करावयाची, आणि ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. पाटलाचा ऊस असो की विधवेचा, वहीतला क्रम तो क्रम. (हा क्रम सर्वत्र आणि सर्वकाळ पाळला गेला असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु तो मोडला तर मोडला असे म्हणता येते, हेच नियम असण्याचे सुख.)

भावाचेही तसेच. ऊस घातल्यावर पहिला हप्ता द्यावयाचा, हंगाम संपून साखरेचा हिशोब झाला की अंतिम भाव ठरवावयाचा, आणि दर टनामागे काही रक्कम सभासदाच्या नावे ठेव म्हणून कापून घ्यावयाची. कारखाना वाढवावयाचा तर पैसा सावकाराकडून नव्हे, उसातूनच उभा राहावा असा त्यातला हिशोब. येथे एक सूक्ष्म फरक पडला. कंपनीच्या कारखान्यात साखरेचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे किती किलो साखर पडली तो आकडा, ही केमिस्टची बाब होती. सहकारी कारखान्यात ती चावडीवरची बाब झाली. ज्याने पूर्वी उसाचे फक्त वजन पाहिले तो आता कोणती जात लावावी, शेवटचे पाणी कधी तोडावे, हे विचारू लागला, कारण उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला तर त्याचा अंश आपल्याच खिशात येणार हे त्याला कळले होते. नव्याची जिज्ञासा माणसाला उपदेशाने लागत नाही. नव्याच्या फळात वाटा असला म्हणजे लागते.

तिसरा भाग गोष्टीचा. त्याच दशकात राहुरी आणि कोपरगाव भागांत सहकारी कारखाने उभे राहू लागले आणि पुढे ती लाट साऱ्या महाराष्ट्रात पसरली. ती आराखडे वाचून पसरली काय? आमचा तर्क असा की ती लोणीला जाऊन आलेल्या माणसांच्या तोंडून पसरली. ज्याने पाहिले त्याने आपल्या गावी येऊन सांगितले, की तिथले सभासद तुमच्याआमच्यासारखेच धोतर-पागोट्यातले आहेत आणि धुराडे त्यांचे आहे. या वाक्यात जी ताकद आहे ती कोणत्याही प्रकल्प-अहवालात नाही. अहवाल सांगतो की हे शक्य आहे. गोष्ट सांगते की हे तुझ्यासारख्याला शक्य आहे.

गोष्टीचे हे सामर्थ्य ओळखून तिची रीतसर व्यवस्था लावणारी मराठी कंपनी म्हणजे किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागल्याचे सांगतात. बेळगावातून जागा सोडावी लागल्यावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाच्या त्या माळावर शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी रखवालीचे काम दिले, हे वळणाचे उदाहरण म्हणून सांगण्याजोगे आहे. पण आमच्या मुद्द्याला अधिक जवळचे आहे ते 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले 'किर्लोस्कर खबर' हे पत्र. नांगर विकणाऱ्या कंपनीने मासिक का काढावे? कारण नांगर घेणाऱ्याला नांगराची किंमत नको होती, धीर हवा होता. कारखान्याची बातमी देण्यासाठी निघालेले हे पत्र हळूहळू उद्योग, प्रवास, समाजसुधारणा यांवर लिहू लागले, 'किर्लोस्कर' झाले, आणि 1930 साली त्याला 'स्त्री' व 1934 साली 'मनोहर' अशी भावंडे मिळाली. ज्या मासिकांवर मराठी घरांतल्या दोन पिढ्या वाढल्या त्यांचा उगम नांगराच्या कारखान्यात आहे, हे आम्हाला आजही नवलाचे वाटते.

मात्र कोणती गोष्ट सांगावी याला महत्त्व आहे. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1968 साली पक्का डिंक करावयास घेतला आणि झाला कच्चा. चिकटे आणि सहज निघे. काही वर्षांनी आर्ट फ्राय नावाच्या सहकाऱ्याला प्रार्थनेच्या पुस्तकातील खुणेचे कागद गळून पडतात म्हणून तो कच्चा डिंक आठवला, आणि 1980 साली कचेऱ्याकचेऱ्यांत आज दिसणाऱ्या चिकट चिठ्ठ्या बाजारात आल्या. ही गोष्ट ती कंपनी अभिमानाने सांगत आली आहे. त्यात नायक आहे तो फसलेला प्रयोग. ती ऐकणाऱ्या तरुण कामगाराला न सांगता कळते की येथे चुकलेले फेकून देत नाहीत आणि चुकणाऱ्यालाही नाही.

याच्या उलट आमच्या पाहण्यातला एक प्रसंग आहे. एका कारखान्यात आम्हाला फाटकाजवळ टांगलेली सुबक सूचनापेटी दाखवण्यात आली. कामगारांनी नव्या कल्पना लिहून टाकाव्यात अशी योजना. आमच्यापैकी एकाने सहज झाकण उचलले तो आत विड्यांची थोटके आणि लग्नाची एक पत्रिका. व्यवस्थापक हसले, म्हणाले, "लोकांना आस्थाच नाही." बाहेर चहाच्या टपरीवर एका फिटरने वेगळी हकिगत सांगितली. कोणी एकाने पूर्वी पट्टा घसरू नये म्हणून युक्ती लिहून टाकली होती, तर "काम करायचं सोडून शहाणपणा सुचतो का रे?" असे त्याला सर्वांदेखत ऐकावे लागले. युक्ती पुढे वापरली गेली, त्याचे नाव मात्र कोठे आले नाही. त्या कारखान्यातही गोष्ट सांगितली जात होती, आणि ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितली जात होती. फक्त ती व्यवस्थापकांच्या कानी गेली नव्हती.

आपल्या नगर शहराचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 1972 साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने येथे लूना काढली : पन्नास सी. सी. चे इंजिन आणि सायकलीसारखे पायटे. मोपेड युरोपात जुनीच होती. पण सायकल सोडून स्कूटरपर्यंत पोहोचू न शकणारा मास्तर, दूधवाला, कारकून हा आपला गिऱ्हाईक आहे हे ओळखणे नवे होते, आणि पुढच्या दशकातल्या तिच्या जाहिरातीही त्याच माणसाची गोष्ट सांगत. पुढे अधिक पल्ल्याच्या मोटारसायकली आल्या आणि लूना मागे पडली. 2024 साली ती विजेवर चालणारी होऊन परत आली आहे.

परंतु आम्हाला पुन्हा उसाकडे वळले पाहिजे, कारण ज्या गोष्टीचे आम्ही एवढे कौतुक केले तिच्यात एक माणूस नाही. सहकारी कारखान्याच्या कथेत सभासद आहे, अध्यक्ष आहे, केमिस्ट आहे. तोडणीवाला नाही. तो पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू गावांतून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतो, बायकोसह एक कोयता म्हणून मोजला जातो, आणि कारखान्याच्या आसपास पालात राहून हंगाम काढतो. त्याला ना भाग, ना मत. गेल्या सत्तर वर्षांत गाळपाची ताकद अनेक पटींनी वाढली, मळीपासून मद्यार्क झाला, भुशापासून वीज झाली, इथेनॉल झाले. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी नवे काही शोधले, कारण त्या प्रत्येक ठिकाणी हितसंबंध असणारा माणूस संचालकांच्या बैठकीत होता. फडातला कोयता मात्र कित्येक दशके जसाच्या तसा राहिला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवण्याची रीत तशीच राहिली. आता कोठे तोडणीची यंत्रे दिसू लागली आहेत, तीही मजूर मिळेनासा झाल्यावर. मजुराची मान दुखते म्हणून नव्हे.

आम्ही मागे एका हंगामात संगमनेरच्या वाटेवर एका तळावर थांबलो होतो. पहाटेचा गारठा होता, बैलगाड्या भरून निघाल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईंना आम्ही विचारले, "आजी, किती वर्षं झाली या कामाला?"

"लगीन झाल्यापून," त्या म्हणाल्या.

"या कारखान्याची गोष्ट कुणी सांगितली का तुम्हाला, कसा झाला ते?"

त्यांनी थोडा वेळ आमच्याकडे पाहिले. "आम्हाला कोण सांगतंय बाबा," त्या म्हणाल्या, "आमचीच इचारली न्हाई कुनी," आणि मोळी बांधायला वळल्या.