सल्लागार अभियंता आणि अद्ययावत ज्ञान

मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ पासून सेवा केल्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०८ मध्ये ती सेवा सोडली. खडकवासला धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचा लौकिक तोपर्यंत सर्वदूर पोहोचला होता. केवळ त्या लौकिकावर त्यांना सल्लागार म्हणून काम मिळाले असते. त्यांनी मात्र प्रथम परदेशाची वाट धरली आणि तेथील बांधकामांचा व जलव्यवस्थेचा अभ्यास केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची वाताहत झाली आणि निजाम सरकारने त्यांना पाचारण केले. हाती घेतलेला अभ्यासदौरा पुरा करूनच ते १९०९ मध्ये हैदराबादेस आले. पूरनियंत्रणाच्या त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय साकार झाले.

सेवा संपली म्हणजे शिकणे संपले असे नव्हे, उलट खरे शिकणे तेथून सुरू होते, हा बोध या उदाहरणातून घेण्यासारखा आहे. आज शासकीय वा खाजगी सेवेतून निवृत्त होणारे अनेक अभियंते स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू करतात. ग्रामपंचायतीची इमारत, शाळेच्या वर्गखोल्या, पाण्याची उंच टाकी अशा कामांसाठी गावोगावी त्यांचा सल्ला घेतला जातो. त्यांचे ज्ञान अद्ययावत असणे हा म्हणूनच सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

सेवेतील अदृश्य आधार

सेवेत असताना अभियंत्याचे ज्ञान बऱ्याच अंशी खातेच ताजे ठेवीत असते. नवी परिपत्रके टेबलावर येतात. नाशिकच्या प्रशिक्षण प्रबोधिनीत अभ्यासवर्गासाठी पाठविले जाते. अवघड आराखडे संकल्पचित्र मंडळाकडे तपासणीस जातात. शंका आली तर शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला विचारता येते. निवृत्तीच्या दिवशी हे सर्व आधार एकदम सुटतात. पण ते आधार होते, हे पुष्कळदा ध्यानातही येत नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. वरिष्ठ पदावरील अधिकाऱ्याची शेवटची दहा-पंधरा वर्षे निविदा, देयके, बैठका व पाहणी यांत जातात. तुळईची किंवा स्तंभाची आकडेमोड त्याने स्वतः शेवटची केव्हा केली, हे त्याला आठवावे लागते. अनुभव तीस वर्षांचा असतो, पण आकडेमोडीचा हात मोडलेला असतो. सल्लागार होऊ इच्छिणाऱ्याने हा हिशेब निवृत्तीपूर्वी एक-दोन वर्षे प्रामाणिकपणे मांडावा.

नियम का बदलतात?

बांधकामाची मानके बदलतात त्यामागे बहुधा एखाद्या आपत्तीचा वा दीर्घ अनुभवाचा धडा असतो. १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या नकाशात त्या परिसराचे स्थान बदलावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे आय.एस. १८९३ या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. २००२ पूर्वी सेवा सोडलेला अभियंता जुना नकाशा मनात ठेवून आराखडा करीत राहिला, तर त्याचा हेतू शुद्ध असूनही त्याचे गणित चुकते.

सलोह काँक्रीटचे उदाहरण असेच आहे. आय.एस. ४५६ या मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत एम-१५ प्रतीचे काँक्रीट चालत असे. २००० च्या आवृत्तीने किमान प्रत एम-२० केली. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेस उघड्या असलेल्या सलोह कामासाठी तर एम-३० ठरविली गेली. कोकणातील शाळेच्या छतातून गंजलेल्या सळ्या बाहेर डोकावताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या बदलाचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. कार्यकारी प्रतिबलांवर आधारलेली जुनी पद्धतही याच आवृत्तीत मुख्य भागातून परिशिष्टात गेली. तसेच भूकंपरोधक बांधकामाच्या आय.एस. १३९२० या मानकाप्रमाणे स्तंभातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवावी लागतात. सळ्या वळविणारे कारागीर सवयीने ती काटकोनातच ठेवतात. सल्लागारालाच हा फरक ठाऊक नसेल, तर कारागिराला तो कोण सांगणार?

अभ्यासाची घडी

स्वतंत्र सल्लागाराने खात्याची जागा घेणारी व्यवस्था स्वतः उभारली पाहिजे. त्यासाठी फार खर्च लागत नाही. आपण वापरतो त्या प्रत्येक मानकाचा क्रमांक, आवृत्तीचे वर्ष व नंतरच्या दुरुस्त्या यांची एक नोंदवही ठेवावी व दर तीन महिन्यांनी ती पडताळावी. भारतीय मानके आता मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सेवेत असताना केलेला एखादा जुना आराखडा नव्या मानकाप्रमाणे पुन्हा सोडवून पाहावा. कोठे काय बदलले हे त्यातून जितके स्पष्ट होते, तितके केवळ वाचनाने होत नाही. संगणकाची आज्ञावली शिकून घ्यावी, परंतु तिचे उत्तर हाताने ढोबळ गणित करून तपासावे. भार चुकीचा भरला, तर संगणक चुकीचेच उत्तर नीटनेटके छापून देतो.

एकट्याने काम करणाऱ्याची चूक त्याला स्वतःला दिसत नाही. म्हणून महत्त्वाचा आराखडा दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घेण्याचा परस्पर परिपाठ ठेवावा. १९२० साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेच्या केंद्रांतील व्याख्याने व चर्चा यांचाही लाभ घ्यावा. मिळणाऱ्या शुल्काचा काही भाग आणि आठवड्यातील काही तास अभ्यासासाठी राखून ठेवावेत. जे काम आपल्या अभ्यासाबाहेरचे आहे, ते स्पष्टपणे नाकारावे.

याचा अर्थ जुना अनुभव टाकाऊ होतो असा नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा पाहून पायाविषयी सावध होणारी नजर पुस्तकातून मिळत नाही. नव्या मानकाचे आकडे आणि ही जुनी नजर एकत्र आली, म्हणजेच सल्ला विश्वासार्ह होतो.

पंचायतीने काय विचारावे?

सल्लागार नेमताना पंचायत सदस्यांनी व शाळा समितीने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आराखडा कोणत्या मानकाच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीप्रमाणे केला आहे? आपले गाव कोणत्या भूकंपक्षेत्रात धरले आहे? आराखडा दुसऱ्या कोणी तपासला आहे काय? उत्तरे लेखी घ्यावीत. हे प्रश्न विचारण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, आणि जाणत्या सल्लागारास त्यांचा रागही येत नाही. ज्या वर्गखोलीत आपली मुले दिवसाचे पाच-सहा तास बसणार आहेत, तिच्या आराखड्यावर सही करणाऱ्याचा अभ्यास किती ताजा आहे, हे विचारण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे.