जुना सेट, नवा संगणक आणि मधली केबल

बिघडला म्हणून कपाटात टाकलेला हातातला रेडिओ सेट पुष्कळदा धडधाकट असतो. दोष असतो त्याला संगणकाशी जोडणाऱ्या हातभर केबलमध्ये. केबलमध्येही तार शाबूत असते. अडचण असते ती यूएसबीच्या टोकाला, काळ्या प्लास्टिकच्या पोटात बसवलेल्या नखाएवढ्या चिपमध्ये. आणि कित्येकदा चिपही ठीक असते, नव्या विंडोजने तिला ओळखायचं नाकारलेलं असतं. सेट, तार, चिप, ड्रायव्हर, प्रोग्राम अशी ही साखळी आहे. तिची कुठली कडी तुटली हे नीट शोधता आलं, तर पंधरा-वीस वर्षं जुना सेटही कामाला येतो.

या विषयावर कमलनगरसारख्या ठिकाणी बसून लिहायला कारण आहे. कमलनगर बीदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातून अलीकडे वेगळं झालेलं तालुक्याचं गाव. रेल्वेने निघालं की एका बाजूला भालकी, दुसऱ्या बाजूला उदगीर. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेही बीदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या मधून सीमा गेली. मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमध्ये दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. धक्का बीदर-गुलबर्ग्यातही जाणवला. त्या दिवसांत परवानाधारक हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळे ‘हॅम’ म्हणतात, आपापले सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात गेले आणि निरोप पोचवण्याचं काम त्यांनी केलं. या टापूत तरी हातातल्या रेडिओची कदर निव्वळ हौस म्हणून करता येत नाही. अशा वेळी सेटमध्ये चॅनेल आधीच भरलेले असावे लागतात. धावपळीत एकेक फ्रिक्वेन्सी बटणं दाबून कोण भरणार?

बटणांनी भरणं म्हणजे काय हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. भारतातल्या हॅम मंडळींच्या हातात सर्रास दिसणारा बाओफेंग यूव्ही-५आर घ्या. त्यात १२८ चॅनेल मावतात. एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा पाठवणारं केंद्र, भरायचा तर आधी फ्रिक्वेन्सी टाकायची, मग मेनू २५मध्ये जाऊन शिफ्टची दिशा, २६मध्ये ऑफसेट, १३मध्ये टोन, आणि शेवटी २७मध्ये जाऊन चॅनेल क्रमांक देऊन साठवायचं. एवढ्याने भागत नाही. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी एकदा साठवली की बोलण्याची फ्रिक्वेन्सी त्याच क्रमांकावर पुन्हा साठवावी लागते. मधे एक बटण चुकलं की पहिल्यापासून. केबल असेल तर हेच काम संगणकावर तक्त्यात लिहून मिनिटभरात सेटमध्ये उतरतं. परदेशातल्या जुन्या स्कॅनरची, म्हणजे निव्वळ ऐकण्याच्या सेटची, गत याहून बिकट. युनिडेनचा बीसी-२४६टी किंवा रेडिओशॅकच्या दुकानांत मिळणारे प्रो मालिकेतले सेट ट्रंकिंग यंत्रणा, म्हणजे थोड्या फ्रिक्वेन्सी अनेक गटांत वाटून देणाऱ्या यंत्रणा, ऐकायला बनवले होते. त्यांतले गट, उपगट आणि क्रमांक बटणांनी भरणं म्हणजे रात्र घालवणं. रेडिओशॅकने २०१५ साली दिवाळखोरी जाहीर केली, पण त्यांनी विकलेले सेट आजही अमेरिकेतल्या, आणि तिथल्या आपल्या मराठी घरांतल्याही, खणांत पडलेले असतील.

कायद्याचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे दुसऱ्यासाठी असलेला संदेश चोरून ऐकायला परवानगी नाही, आणि पोलीस किंवा विमानतळ ऐकण्यासाठी स्कॅनर बाळगण्याच्या छंदाला इथे आधार नाही. हॅम व्हायचं तर दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. मग व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होणारी स्वतःची खूण मिळते, आणि १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत बोलता येतं. बिनपरवाना वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांसाठी केंद्राने २०२५ साली नियम कडक केले, ते योग्यच झालं. इथून पुढे जे लिहितो आहे ते परवाना असलेल्या माणसाच्या, कायदेशीर सेटसाठी आहे.

आता मूळ दुखण्याकडे. जुन्या संगणकाला मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असायचा. त्यामागचं मानक आरएस-२३२, अमेरिकेत १९६० साली आलेलं. त्यात ‘एक’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘शून्य’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. रेडिओच्या आतला प्रोसेसर मात्र शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्टमध्ये बोलतो, आणि त्याची खूणही उलटी: वर असला तर एक, खाली असला तर शून्य. सिरियल पोर्ट थेट सेटला जोडला तर नुसतं काम होणार नाही असं नाही. उणे बारा व्होल्ट आत गेले की प्रोसेसरची ती पिन जळू शकते. म्हणून मधे चिप लागते. मॅक्सिम कंपनीची १९८७मध्ये आलेली मॅक्स-२३२ हेच काम करत होती. १९९६मध्ये यूएसबी आली आणि पुढच्या दशकात लॅपटॉपवरचा नऊ पिनांचा पोर्ट गायब झाला. मग केबलमधल्या चिपला दोन कामं करावी लागली: व्होल्ट जुळवायचे आणि यूएसबीची भाषा सिरियलमध्ये आणायची. मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारात चालणाऱ्या आमच्या भागात दुभाष्याचं मोल वेगळं सांगायला नको. केबलमधली चिप तेच करते, आणि गोंधळही दुभाष्यासारखाच घालते, दोन्ही बाजूंना वाटतं की समोरचाच चुकतो आहे.

या चिपांची मुख्य घराणी चार. तैवानच्या प्रोलिफिकची पीएल-२३०३, स्कॉटलंडच्या एफटीडीआयची एफटी-२३२, अमेरिकेच्या सिलिकॉन लॅब्जची सीपी-२१०२ आणि चीनच्या डब्ल्यूसीएचची सीएच-३४०. स्वस्त केबलींत सर्वांत जास्त दिसते ती पीएल-२३०३, आणि सर्वांत जास्त नक्कलही तिचीच झाली. नकलांना कंटाळून प्रोलिफिकने नव्या ड्रायव्हरमधून जुन्या आणि नकली दोन्ही चिपांचा आधार काढून टाकला. त्यामुळे अस्सल पण जुनी एचएक्सए चिप असलेली चांगली केबलही विंडोज १०-११वर ‘कोड १०’ दाखवते किंवा यादीत नावाच्या जागी ‘ही चिप २०१२पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा’ असं इंग्रजीत बजावते. युनिडेनची जुन्या स्कॅनरांसाठीची स्वतःची यूएसबी केबलही प्रोलिफिकचीच, त्यामुळे महागडी कंपनीची केबल घेतलेलेही यातून सुटले नाहीत.

एफटीडीआयने तर याहून टोकाचं पाऊल उचललं. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपच्या स्मृतीतला ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा. मग ती केबल दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना. आरडाओरडा झाला आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. कंपनीचा राग समजतो, तिची मेहनत चोरली जात होती. पण शिक्षा भोगली ती खरेदी करताना चिप बघूच न शकणाऱ्या ग्राहकाने. माझ्या मते हे साफ चुकीचं होतं.

म्हणून केबल चालत नसेल तेव्हा सेट उघडू नका, सेटला हातही लावू नका. नुसती केबल यूएसबीत खोचा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे काहीच हललं नाही तर चिप मेली आहे किंवा तार तुटली आहे. पिवळा त्रिकोण दिसला तर चिप जिवंत आहे, ड्रायव्हर चुकीचा आहे. त्या ओळीच्या तपशिलात हार्डवेअर आयडी बघा. ०६७बी-२३०३ असेल तर प्रोलिफिक किंवा तिची नक्कल, १ए८६-७५२३ असेल तर सीएच-३४०, ०४०३-६००१ म्हणजे एफटीडीआय, १०सी४-ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्ज. प्लास्टिक न फोडता चिपचं कूळ कळतं. प्रोलिफिक निघाली तर जुना ३.३.२.१०२ क्रमांकाचा ड्रायव्हर बसवा आणि ‘संगणकावरील यादीतून मी निवडतो’ हा पर्याय घेऊन हाताने तोच निवडा. काही दिवसांनी विंडोज अपडेट तो गुपचूप बदलतं आणि कालपर्यंत चालणारी केबल आज बंद पडते. तेव्हा पुन्हा हेच करायचं.

लिनक्स असेल तर हा सगळा व्याप बहुतेक टळतो, कारण चारही घराण्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. तिथे दोनच गोष्टी आडव्या येतात. आपलं नाव डायलआउट गटात नसलं तर पोर्ट उघडायची परवानगी मिळत नाही. आणि उबुंटू २२.०४मध्ये अंधांच्या ब्रेल फलकांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच-३४०ला ब्रेल यंत्र समजून तिचा पोर्ट बळकावते. केबल खोचली की पोर्ट क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. हे माहीत नसलेला माणूस केबल फेकून देतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं, पोर्ट क्रमांकही मिळतो, तरी ‘रेडिओने उत्तर दिलं नाही’ असा निरोप येतो. आता तारेची आणि प्लगची पाळी. यूव्ही-५आरच्या कुशीत केनवूड पद्धतीची दोन भोकं असतात, एक ३.५ मिलिमीटरचं आणि एक २.५चं, आणि ती खाचेत आत बसवलेली असतात. स्वस्त केबलच्या प्लगचं प्लास्टिक खांद्याशी जाड असतं. ते सेटच्या कवचाला आधी टेकतं आणि पिना शेवटचा मिलिमीटरभर आत जातच नाहीत. बघताना प्लग बसल्यासारखाच दिसतो. बोटाने जोर देऊन दाबला आणि अचानक काम झालं, तर दोष हाच. धारदार कटरने खांद्याची कड थोडी तासायची, पिनेला लागू द्यायचं नाही, पुन्हा बसवून बघायचं. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. कित्येक ‘मेलेल्या’ केबली एवढ्यावर उठून बसतात.

तार तपासायला मल्टीमीटर लागतो. कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या पिनेवर आणि दुसरं चिपच्या बाजूच्या डागावर, आणि बीप चालू असताना तार प्लगजवळ हळूहळू वाकवायची. तार मधे सहसा तुटत नाही. तुटते ती प्लगच्या मानेशी, जिथे गुंडाळताना रोज पीळ पडतो. बीप तुटक झाला की तिथेच कापून नवा प्लग डाग देऊन जोडायचा. प्लग उदगीर-बीदरला मिळाला नाही तर हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत असे सुटे भाग सापडतात.

त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे सेटशिवाय पाठवलेलं परत येतं का बघणं. केबलच्या आराखड्यात पाठवण्याची आणि घेण्याची पिन कुठली ते बघायचं, त्या दोन बारीक तारेने जोडायच्या, टेरा टर्म किंवा पुट्टीसारख्या प्रोग्राममध्ये पोर्ट उघडून काहीतरी टाइप करायचं. अक्षर पडद्यावर आलं की चिप, ड्रायव्हर, तार सगळं निर्दोष. तार काढली की अक्षरं थांबली पाहिजेत. मात्र आयकॉमच्या सीआय-व्ही पद्धतीच्या केबलमध्ये पाठवणं आणि घेणं एकाच तारेवर चालतं, तिथे अक्षर आपोआपच परत येतं. त्या केबलवर ही परीक्षा पास झाली म्हणून सेट ऐकतो आहे असं समजू नये.

एवढं होऊनही अडलं तर उरतात वेग आणि क्रमांक. बीसी-२४६टीसारख्या स्कॅनरच्या मेनूत सिरियल पोर्टचा बॉड रेट निवडता येतो, आणि प्रोग्राममधला वेग त्याच्याशी जुळला नाही तर एकही अक्षर नीट पोचत नाही. जुने प्रोग्राम कॉम १ ते ४ एवढेच पोर्ट ओळखतात. विंडोज मात्र नव्या केबलला कॉम १७ देऊन मोकळं होतं. पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो क्रमांक ३ किंवा ४ करता येतो. यूव्ही-५आरसाठी क्रमही महत्त्वाचा: सेट बंद, केबल घट्ट, मग सेट चालू, आवाज पुरेसा, आणि चॅनेल असा की ज्यावर त्या वेळी कुणी बोलत नाही. मधेच सिग्नल आला की वाचन तुटतं. बॅटरी भरलेली हवी. लिहिणं चालू असताना सेट बंद पडला तर चॅनेल अर्धवट राहतात.

इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकाच प्रोग्राममधून भरता येतात याचं श्रेय चर्पला. डॅन स्मिथ या अमेरिकन हॅमने तो २००८ साली सुरू केला. तो मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि कंपन्यांनी सोडून दिलेले जुने सेट त्याच्या यादीत टिकून आहेत. चर्प वापरताना आधी सेटमधून वाचायचं, ती फाइल जशीच्या तशी जपायची, आणि मगच बदल करून परत पाठवायचं. मित्राच्या सेटची पूर्ण फाइल आपल्या सेटमध्ये ओतू नये. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन सेटांचं फर्मवेअर वेगळं असू शकतं. चॅनेलच्या ओळी तेवढ्या उचलून आपल्या तक्त्यात चिकटवाव्यात. मूळ फाइलच्या नावात मॉडेल आणि तारीख घालावी, एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या हॅमकडे ठेवावी. आणि केबलवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर चिपचं नाव व चाललेल्या ड्रायव्हरचा क्रमांक पेनने लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या माणसाला डिव्हाइस मॅनेजरपासून सुरुवात करावी लागणार नाही.