कोपीपुढची घडवंची : उघड्यावरच्या फिल्टरला हवा भक्कम आधार

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला, की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात कोप्यांच्या वस्त्या उभ्या राहतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांचा हा परिसर. मराठवाडा, नगर आणि खानदेशातील कोरडवाहू भागांतून आलेली कुटुंबे येथे काही महिने उघड्या रानात संसार मांडतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल तेवढेच सामान त्यांच्यासोबत असते. त्यामुळे पाणी गाळण्याचे साधन कोणते घ्यावे, या प्रश्नाइतकाच ते ठेवायचे कोठे आणि कशावर, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

या भागात पाण्याचे दुर्भिक्ष आहे, असे वरवर पाहता वाटत नाही. डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी येथील शेतीचे चित्र पालटले. तथापि, शेताला मिळणारे पाणी आणि पिण्यायोग्य पाणी यांत मोठे अंतर आहे. विहीर, कालवा किंवा शेततळे यांतून आणलेल्या पाण्यात गाळ असतो, जनावरांचा आणि माणसांचा वावर असल्यास रोगजंतूही असतात. अतिसार, कावीळ आणि विषमज्वर यांचा प्रसार याच मार्गाने होतो. त्याचा पहिला फटका लहान मुलांना बसतो आणि आजारपणात बुडालेला रोज कुटुंबाच्या उचलीवर चढतो.

प्रवाशांसाठी पाणी, जुनीच चिंता

वाटेवरच्या माणसाला पिण्याचे पाणी मिळावे, ही चिंता या परिसराला नवी नाही. नाणेघाटातील आणि शिवनेरीवरील कातळात खोदलेली टाकी आजही पाहावयास मिळतात. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख आहे. मंडप आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद त्यात वर्ष ४६ या कालोल्लेखासह केलेली आहे. घरांतून हेच काम माठ, रांजण आणि ते जमिनीपासून उंच ठेवणारी लाकडी घडवंची करीत आली. आज माठाच्या जागी कँडलचा फिल्टर आला असला, तरी घडवंचीची गरज संपलेली नाही.

परदेशातही हाच प्रश्न निराळ्या रूपात दिसतो. अमेरिकेत मोटारघरातून भटकंती करणारे लोक मुक्कामाच्या ठिकाणचा नळ आणि गाडी यांच्यामध्ये फिल्टर जोडतात. तो जमिनीवर तसाच टाकला, तर नळीच्या ओझ्याने प्लॅस्टिकचे आटे तडकतात आणि तोंडाला माती लागते. म्हणून लाकडाच्या फळ्या किंवा पीव्हीसी पाइप जोडून अनेक जण त्यासाठी घरच्या घरी स्टँड तयार करतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यामुळे माळशेज किंवा डिंभे जलाशयाच्या परिसरात तंबू ठोकणाऱ्या शहरी पर्यटकांनाही ही युक्ती उपयोगी पडू शकते.

आधार का हवा?

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. वरच्या भांड्यात वीस लिटर आणि खालच्या भांड्यात तेवढेच पाणी धरले, तर भांड्यांच्या वजनाखेरीज चाळीस किलोंचा भार होतो. हा भार दगडांच्या डळमळीत चळतीवर ठेवणे धोक्याचे आहे. शेजारी खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर तो कोसळू शकतो.

दुसरे कारण स्वच्छतेचे आहे. जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात धूळ आणि जनावरांच्या खुरांनी उडालेली घाण जाते. शिवाय तोटी जमिनीलगत असल्यास तिच्याखाली हंडा बसत नाही. मग झाकण काढून तांब्या बुडविला जातो आणि गाळलेल्या पाण्यात हाताचे जंतू मिसळतात. तोटी पुरेशी उंच असेल, तर हात बुडविण्याची वेळच येत नाही. गाळण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे.

घडवंची कशी बांधावी?

बांबू, जुने सागवान, लोखंडी अँगल किंवा जाड पीव्हीसी पाइप यांपैकी जे हाताशी असेल ते चालते. जमीन उंचसखल असेल, तर तीन पायांची तिवई डुगडुगत नाही. मात्र ती एका बाजूला कलंडण्याचा संभव अधिक असल्याने तिचे पाय खाली चांगले फाकलेले असावेत. चार पायांच्या घडवंचीला प्रत्येक बाजूने तिरप्या पट्ट्यांची कैची द्यावी. कैचीशिवाय केवळ उभे-आडवे बांबू बांधले, तर भार पडताच चौकट एका अंगाला झुकते. प्रत्येक पायाखाली सपाट दगड ठेवल्यास ओल्या जमिनीत पाय रुतत नाहीत.

खालच्या भांड्याचा तळ जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तोटीखाली मध्यम आकाराची कळशी बसते. मात्र वरच्या भांड्याचे तोंड पाणी भरणाऱ्या बाईच्या छातीपेक्षा उंच नसावे. दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या पाठीवर भरलेला हंडा खांद्याच्या वर उचलण्याचा भार टाकणे योग्य नव्हे. मुक्काम हलवावा लागत असल्याने सांधे खिळ्यांऐवजी नायलॉनच्या दोरीने किंवा नट-बोल्टने जोडावेत.

वापरण्यापूर्वी भांड्यांत साधे पाणी भरून घडवंची बाजूने हलवून पाहावी. भरल्या भाराला ती हलली, तर पाय अधिक फाकवावेत.

जागेची निवडही विचारपूर्वक करावी. ऊन लागल्याने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि पारदर्शक भांड्यात शेवाळ धरते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून कोपीच्या उत्तर बाजूला दिवसभर सावली मिळते. बैलांची दावण आणि चूल यांपासून ती दूर असावी. मुंग्या येऊ नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची पद्धत टाळावी, कारण त्यांत डास होतात. सांडलेले पाणी वाहून जाण्यासाठी लहानसा चर काढावा. दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असल्याने पाणी दिवसाउजेडीच भरून ठेवावे.

फिल्टर काय करतो, काय करीत नाही

गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये ओतल्यास कँडल लवकर तुंबते. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, नंतर जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी करून गाळावे. बांगलादेशातील खेड्यांत केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा साडीने पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले होते. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवंगांना चिकटून राहतात आणि घडीत ते प्लवंग अडकतात, हे त्यामागील कारण. फडके रोज धुऊन उन्हात वाळविणे मात्र आवश्यक आहे.

कँडलमधून गाळ आणि बरेच जीवाणू अडतात. अतिसूक्ष्म विषाणू अडतीलच असे नाही. म्हणून गाळलेल्या पाण्यात आरोग्य केंद्राने सांगितलेल्या प्रमाणात क्लोरिनचे द्रावण घालून अर्धा तास थांबावे किंवा पाणी खळखळून उकळावे. गाळण्याआधी क्लोरिन टाकणे फारसे उपयोगी नाही, कारण गढूळपणा त्याची शक्ती खाऊन टाकतो. खतांतून विहिरीत उतरलेले नायट्रेट किंवा विरघळलेले क्षार कँडलने वा उकळण्याने जात नाहीत. अशा विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरूच नये.

कँडल आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने, साबणाविना घासावी. तिला तडा गेला असल्यास ती तत्काळ बदलावी, कारण तड्यातून न गाळलेले पाणी सरळ खाली उतरते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

जबाबदारी कोणाची?

घडवंची आणि फिल्टर हे शुद्ध पाणीपुरवठ्याला पर्याय नव्हेत. कोप्यांच्या वस्तीपर्यंत पिण्याचे पाणी पोहोचविणे आणि त्याची तपासणी करणे ही जबाबदारी कारखाना, ग्रामपंचायत आणि आरोग्य यंत्रणेची आहे. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावे लागते आणि त्याची चाचणी वस्तीवरच काही मिनिटांत करता येते. ती हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात झाली, तर कोणत्या विहिरीचे पाणी प्यावे हे कुटुंबांना वेळीच कळेल. तोपर्यंत चार बांबू, थोडी दोरी आणि तासाभराची मेहनत एवढ्यावर उभी राहणारी घडवंची त्यांच्या हातातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.